भोंग्याच्या वरताण आक्का

जरा जवळ सरका बघू. पाहुण्यागत कोपऱ्यात अंग चोरून काय बसलाय? इतक्या दिवसांनी तोंड दाखवलंत आणि वर विचारताय, "तुमच्या थोरल्या जाऊबाई कशा आहेत?" कशा असणार! कृष्णाकाठी हट्टी बाया काही कमी झाल्या नाहीत. पण भोंग्याशी उभा दावा मांडलेली बाई एकच, ती आमची आक्का.

आमच्या गावात रोज संध्याकाळी सातला मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद करायचे आणि पोरांना पुस्तक घेऊन बसवायचं, असा ग्रामसभेचा ठराव आहे. सारं गाव मुकाट पाळतं. आक्का मात्र भोंगा चढेल तसा टीव्ही चढवायची. सरपंच म्हणजे भावकीतली आमची सूनच. ती एकदा दारात येऊन म्हणाली, "आत्याबाई, भोंगा ऐकू आला न्हाई व्हय?" आक्का म्हणाली, "आला की. म्हणून तर आवाज वाढवावा लागला." "आवं, पोरांच्या अभ्यासासाठी हाय ते." "माझ्या घरात पोर हाय का एक तरी? मी कशाचा अभ्यास करू, सरणावर कसं निजायचं त्याचा?" सरपंच बिचारी चहा प्याली आणि अर्धी मालिका बघूनच उठली. मी समजवायला गेले, तर मलाच ऐकवलं, "जलमभर सासूनं ऊठ म्हटलं की उठले, मालकानं बस म्हटलं की बसले. आता पत्र्याच्या कर्ण्याचं ऐकू?"

शाळेत खिचडी शिजवायला होती तेव्हाचीही तीच तऱ्हा. आग लागली तर काय करायचं याची सरांनी एकदा तालीम घेतली. घंटा घणाघणा वाजली, पोरं मैदानात पळाली, गुरुजी पळाले, शाळेचा शिपाईसुद्धा पळाला. ही आपली चुलीपाशी ढवळत उभी. सर खिडकीतून हात जोडताहेत, "आक्का, बाहेर या, आग लागलीय असं समजा!" ही म्हणाली, "तुमी समजा. माझी खिचडी बुडाला लागंल." शेवटी सरांनी मैदानात जाहीर केलं, की सगळे वाचले, आक्का तेवढ्या जळाल्या. त्यावर हिनं दुपारी ताटं वाढताना सरांना पहिला डाव वाढला आणि म्हणाली, "घ्या, मेलेल्या बाईच्या हातचं."

आम्ही हसायचो, पण माझा एक डोळा कायम नदीकडं असायचा. आक्काचं घर खालच्या आळीत, नदीला अगदी लागून. पूर आला तर तोच भोंगा वाजणार, आणि भोंगा वाजला की उठायचं नाही असा हिचा नेम. एक दिवस ही बाई हट्टापायी वाहून जाणार, असं मला सारखं वाटायचं.

आणि तशी वेळ आलीच. आमच्याकडं पावसाचा थेंब नव्हता. पडत होता तो वर घाटात. सातच्या जरा आधी ग्रामसेवकाला फोन आला की धरणाचं पाणी सोडलंय, खालची आळी रिकामी करा. त्यानं धावत जाऊन भोंगा सुरू केला. आणि गावानं काय करावं? टीव्ही बंद केले, पोरांना पाढे म्हणायला बसवलं! भोंगा थांबेना, तसा आमच्या शेजारच्या तात्यांनी नातवाला दम दिला, "बघ, आज लय येळ वाजतोय. दोन धडे जास्ती वाच." धरणाची बातमी टीव्हीवर चालली होती, आणि साऱ्या गावात टीव्ही चालू होता तो एकट्या आक्काचा.

तिला पाटीवरचं अक्षर वाचता येत नाही. पण धरणाच्या दारातनं उसळणारं पाणी दिसलं आणि ती उठली. ओचा खोचला, पितळी परात घेतली, उलथन्यानं बडवत आळीभर फिरली. "पाढे काय म्हणताय रं मुडद्यांनो! पाणी सोडलंय! जनावरांची दावी सोडा आधी!" मग जी पळापळ झाली! म्हशी, शेळ्या, म्हाताऱ्या, अंथरुणं, सगळं माळावरच्या शाळेत पोचलं.

आक्का सोडून. मी शोधत खाली गेले, तर ही आपल्या उंबऱ्यावर परात मांडीवर घेऊन बसलेली. पाणी खालच्या पायरीला लागलेलं, भोंगा अजून कोकलतोय. "आक्का, उठा!" "सगळ्यास्नी मी घालवलं. मला घालवणारा कोण? त्यो वर कोकलणारा? त्याच्या सांगण्यावरनं उठायची न्हाई." मी पुष्कळ विनवलं. शेवटी माझाही जीव वैतागला. पदर खोचला आणि तिच्या शेजारी फतकल मारून बसले. "ऊठ गं, येडे, तू कशाला बसलीस?" "तुमच्यामागं या घरात मला भांडायला कोण हाय?" पाणी दुसऱ्या पायरीला आलं. तशी ती माझा दंड धरून उठली आणि शाळेपर्यंत बजावत आली, "तुझ्यासाठी उठले हं. त्या कर्ण्याला सांगशील तर बघ!"

पुढं पंचायतीनं पुरासाठी खालीवर होणारा वेगळा आवाज बसवून घेतला. आता तो तरी आक्का ऐकेल अशी मला आशा होती. पण गेल्या वर्षापासून तिचे कानच गेले. एका संध्याकाळी भोंगा वाजत असताना ती मला म्हणाली, "बघितलंस? बंद केला की न्हाई शेवटी? माझ्यापुढं टिकला न्हाई." तोंडावर असं तेज होतं, की मीही मान डोलावली. सरपंचांनाही मी गप्प बसवलंय. सगळं गाव तिला जिंकू देतंय. पावसाळ्यात मी माझं अंथरूण तिच्याकडंच टाकते. पाण्याचा आवाज झाला तर दंडाला धरून उठवायला कुणीतरी हवंच ना?

तर आता नुसतं विचारू नका, लवकर या तिला भेटायला. आणि तुम्ही बसलेले असताना सातला भोंगा वाजलाच, तर मान वर करून बघू नका. चहा पीत राहा.