तापातून उठल्यावर

तापातून उठून आज गॅलरीत आलो. बायको आणि मी, दोघंही आजारी, त्यामुळे टोमॅटोवर तंबाखूचं पाणी मारायचं राहूनच गेलं होतं. आता नुसत्या काड्या दिसणार, ही धास्ती होती. अळ्यांनी खालच्या पानांची चाळण केली होती खरी, पण वरची पानं शाबूत होती!

पान कुरतडलं की झाडात पेप्टाइड नावाचा प्रथिनाचा बारीकसा तुकडा सुटतो, आणि त्या इशाऱ्यावर बाकीची पानं अळीला पचेनाशी होतात, असं कुठंतरी वाचलं होतं. आम्ही कण्हत पडलो होतो, तेव्हा हे इथं लढत होतं. आमच्या अंगातही असंच काही चाललं असणार.

"तंबाखू भिजत घालू?" मी बायकोला विचारलं.

"राहू द्या. त्याचं ते बघतंय," ती म्हणाली. "तुम्ही आधी पेज प्या."