अप्पांचं कानातलं

सर्व सुज्ञ नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमचे शेजारी कै. अप्पा चौगुले यांच्या दोन्ही कानांत लोहारकाम चालत असे. तेही विनापरवाना.

ही बातमी खुद्द अप्पांनीच गल्लीत पसरवली होती. कुपवाडच्या कारखान्यात घणाचे ठोके ऐकून ऐकून त्यांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं: पडद्यामागे तीन इवली हाडं असतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब. आवाज त्यांच्यावरून ठोके देत आत जातो. अप्पा हरखले. "कानात आमचंच खातं हाय रं गड्या. तेल घातलं की सुरू हुतंय बघ."

पण बिघाड तिथं नव्हताच. त्याच्याही आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, पाण्यानं भरलेली नळी असते. ठोका बसला की त्या पाण्यात लाट उठते, आत उभे असलेले सूक्ष्म केस डोलतात आणि ते डोलणंच मेंदूला आवाज म्हणून पोचतं. अप्पांचे बरेचसे केस गेले होते.

"शाळू लोळला," ते म्हणत. "पुन्ना उभा ऱ्हात न्हाई." मग कट्ट्यावर डोळे अर्धे मिटून बसत. "कृष्णेत बुडी मारावी आन् वर माणसं बोलावीत, तसं येतंय ऐकू. ग्वाड वाटतंय."

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, ते गोड वाटत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र सुचवलं, तर "कानातलं बायका घालत्यात" म्हणून अप्पांनी उडवून लावलं. त्या दिवसापासून काकी त्यांच्याशी बोलायच्याच थांबल्या.

"नवऱ्याशी बोलायचं ते समद्या गल्लीला ऐकवू व्हय?" त्यांनी मलाच विचारलं.

घरात आता फक्त भांडी बोलत, आणि तीही अप्पांपर्यंत पोचत नसत.

एका दुपारी अप्पा माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. "हिचं व्हटच हलंनात रं. चल, ते कानातलं बघून यू."

काकीही न बोलता सोबत निघाल्या. दवाखान्यात यंत्र बसवलं. "उरलेल्या केसांवर जेवढं येईल तेवढंच," बाईंनी बजावलं. काकींनी आमच्याकडे पाठ केली, अप्पांच्या कानाशी वाकल्या आणि हलकेच काहीतरी बोलल्या. काय, ते मला आजही माहीत नाही. अप्पांनी डोळे मिटले. मग बहिऱ्या माणसाच्या सवयीनं, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"अगं, तुझा आवाज कवा म्हातारा झाला?"