सिस्टीमरावाचं स्टूल

सिस्टीमरावाला स्वतःच्या खुर्चीत बसलेलं मी क्वचितच पाहिलं. इस्लामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यानं त्याला काचेची केबिन आणि थंड हवा दिली होती. आम्ही पंख्याखाली, कागदांवर दगड ठेवून बसत होतो. तरी तो स्टूल उचलून कुणाच्या ना कुणाच्या टेबलाशी येऊन बसायचा, काम बघत राहायचा आणि मधूनच विचारायचा, "बरं, मग पुढं काय करता?"

मूळचा तो म्हसवडचा. आजोबांनी मेंढरं राखलेली, हा सांगलीला शिकून इंजिनिअर झाला. ऊसनोंदीपासून बिलापर्यंत कारखान्याचं सगळं काम संगणकावर एका माळेत ओवायला त्याला आणलं होतं. कसलीही अडचण सांगा, "सिस्टीममध्ये बसवू," हे उत्तर ठरलेलं; त्यावरून हे नाव पडलं. संगणकाच्या खोलीच्या उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं आणि लांबलचक भाषण केलं. त्यात संगणक सोडून सगळं होतं. मला बरं वाटलं. इतक्या थाटात सुरू झालेल्या गोष्टी आमच्याकडं फार टिकत नाहीत.

ही टिकली. मी शेती विभागाचा मुख्य कारकून. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, हे वर्षानुवर्षं मी ठरवत आलो होतो. हंगामात माझ्या टेबलापुढं माणसं टोपी हातात घेऊन उभी असत. "आवं भाऊसाहेब, उसाला तुरा आलाय, तेवढी तोडीची चिठ्ठी द्या की." मी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, पण ते उभं राहणं मला आवडे. सिस्टीमरावानं उसाच्या लागणीच्या तारखेवरून तोडीचा क्रम लावणारा प्रोग्रॅम केला आणि पहिल्याच हंगामात टेबलापुढची जागा रिकामी झाली. एक म्हातारा तर दारातूनच म्हणाला, "आता नंबर आपसूक लागतोय. तुमास्नी कशाला तरास?" त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

मग माघात संगणकानं एका मोठ्या गावाला नेमकी जत्रेदिवशी तोड दिली. त्या दिवशी तिथं उभ्या पिकाला कोयता लावत नाहीत, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. ऊसतोडीच्या टोळ्या आणि ट्रॅक्टर रिकामे परतले. उसावाचून दुपारी कारखाना थांबला. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी स्टूल माझ्या टेबलाशी आलं.

"भाऊसाहेब, कुठल्या गावाला कवा तोड द्यायची न्हाई, ते तुमी कसं ठरवायचा?"

"ठरवायचं काय त्यात? मला ठाऊक असतं."

"सिस्टीमला न्हाई ना ठाऊक. सांगा की. लय चुकलं माझं."

मी सांगायला लागलो. कुठल्या गावाची जत्रा कुठल्या तिथीला, कुठं सोमवारी कोयता चालत नाही, कुठं कुणी वारलं तर सगळी भावकी दहावं होईतो शेतात उतरत नाही. "बरं, मग पुढं?" तो म्हणे, आणि मी फुलत जाई. इतकं मन लावून माझं घरातही कुणी ऐकलं नव्हतं. तो उठला तेव्हा कळलं, त्याला ठाऊक नाही असं माझ्यापाशी आता काही उरलेलं नाही.

पुढं तो दुसरी नोकरी धरून पुण्याला निघाला. निरोप घ्यायला आला तेव्हा मी विचारलं, "तुझ्यामागं आमचं कसं व्हायचं रे?"

"काय अडणार न्हाई भाऊसाहेब. माझ्यावाचून चालावं म्हणूनच तर केलं की सगळं."

मी हसलो. मनात म्हटलं, बघू.

तो अख्खा हंगाम मी काहीतरी अडायची वाट पाहिली. काही अडलं नाही. चिठ्ठ्या निघत राहिल्या, गाड्या येत राहिल्या, आणि हळूहळू त्याचं नावही कुणी काढेनासं झालं. आपल्यावाचून अडावं, यासाठी मी उभी नोकरी खर्च केली. आपल्यावाचून चालावं म्हणून राबायचं आणि विसरलं जायचं, एवढी ऐट मला कधी परवडली नाही. त्याच्या केबिनचा, थंड हवेचा मला वाटणारा हेवा वयाबरोबर विझला. हा एक अजून धुमसतो.