दान केलेली पैठणी

डॉक्टरकडे जाण्याआधीच मी ठरवून टाकलं होतं की आपल्या डोक्यात गाठ आहे. नुसतं ठरवलं नाही, तर मरायची तयारी म्हणून लग्नाची पैठणी जावेला देऊनही बसले. चाळिशीतली शहाणी मी!

सदर भागातला तो डॉक्टर मला दोनदाच भेटला. डोळ्यांत टॉर्च मारून झाली, मान वाकवून झाली, बीपी झालं. मग पेनाचं टोपण काढत-लावत त्यानं विचारलं, "डोकं दुखायचं थांबतं कधी?"

घरीदारी बाकी सगळ्यांनी दुखतं कधी, एवढंच विचारलं होतं.

"झोपताना."

"झोपण्याआधी काय करता?"

"दूध पिते, अंबाडा सोडते."

टोपण थांबलं. सुरकुत्या दिसू नयेत म्हणून मी कपाळ ताणून अंबाडा घालायची, वर जड गंगावन. त्यानं तो नुसता पाहिला आणि आठ दिवस सैल वेणी घालायला सांगितली.

आठ दिवसांनी डोकं हलकं झाल्याचं सांगायला गेले आणि पैठणी आठवून तिथंच रडले. तो हसला नाही. चिठ्ठीचा कागद ओढून म्हणाला, "रडून काहून राहिल्या ताई? औषधात पैठणी लिहून देतो, जावेला चिठ्ठी दाखवा."