पंधराची पाऊणपट

भर पुरात मी मस्कतहून फोन करून आईला माळ्यावरून खाली उतरवलं. माझ्या हातात चहाचा कप होता.

आमचं नागोठणं अंबा नदीच्या काठावर. नदी डोंगरातून खाली येते, समुद्राचं पाणी खाडीतून वर चढतं, आणि गाव बरोबर दोघांच्या भेटीच्या जागी. मी गाव सोडलं तेव्हा एसटी स्टँडवर बाबा निरोपाचं काही बोललेच नाहीत. सगळा जन्म मिठागरावर गेलेला माणूस. म्हणाले, "तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिलतो. आपल्या गावात पानी यायला आनखी तासभर. इसरू नको." मी हसलो. एसी ऑफिसात भरती घेऊन काय करायचं?

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर आहेत, त्यांना हा रोग ठाऊक असेल. गाव सुटलं की गावाला सल्ले द्यायची खाज सुटते. बाबा गेल्यावर मी आईला रोज हवामान सांगायचो. तिच्या दारातलं.

त्या सकाळी पाणी उंबऱ्याला लागून ओसरलं होतं. माझ्या मोबाइलवर नागोठण्यात ऊन पडलेलं. म्हटलं, "आई, पाऊस गेला. उतर, चहा कर."

"आवस हाय रं आज."

"तिथ्या कसल्या मोजतेस? मला इथून ढग सरकलेले दिसतायत."

मुलगा शिकलेला. उतरली बिचारी.

फोन ठेवला आणि आकडा डोक्यात फिरला. अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वर तासभर. डोंगरातलं पाणी अजून उतरत होतं आणि सव्वाबाराला खाडी खालून दार लावणार होती. आईचा फोन लागेना. शेजारच्या सुगंधावहिनीचा लागेना. मी मोबाइलवर नकाशा मोठा करत बसलो. आमचं छप्पर दिसेपर्यंत केला. आई काही दिसेना.

दुपारी तीनला वहिनीचा फोन आला. कमरेएवढ्या पाण्यातून तिने आणि तिच्या नवऱ्याने आईला उचलून माळ्यावर ठेवलं होतं.

इतकी वर्षं मी 'माझं गाव, माझं गाव' करत आलो. तिथलं पाणी मला न विचारता चढतं, न विचारता उतरतं. मी मध्ये बोललो की माणूस बुडायला येतो.

वहिनीने फोन आईकडे दिला. मी रडतच म्हटलं, "उद्याच्या विमानानं येतो."

"नको रं बाबा," आई म्हणाली. "तू हितं असतास तर मला ऱ्हाऊ दे, पयलं तुलाच उचलून ठेवायला लागलं असतं."