डब्यातली कार्डं आणि बेवारस नळ्या

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती आणि देशातला सगळा निष्काळजीपणा मीच संपवणार, अशी माझी खात्री होती. नोकरी मात्र कारकुनाची, गोंदियाजवळ एका जुन्या धावपट्टीलगतच्या गोदामात. महायुद्धानंतर उरलेले विमानांचे सुटे भाग तिथे होते. प्रत्येक भागाला सुतळीने एक कार्ड बांधलेलं: तो कधी आला, शेवटचा कधी तपासला, कधीपर्यंत वापरायचा. कार्ड नाही तर भाग भंगार, कितीही चकचकीत असो.

आणि ती कार्डं वाळवी खात होती! दिवसाढवळ्या! मी पेटलो. चळवळीत पत्रकं लिहून हात तयार होताच. ‘कार्ड वाचवा, विमान वाचवा!’ असा कागद भिंतीला डकवला आणि गोदाम सांभाळणाऱ्या मामाजींना दम भरला, "एक जरी कार्ड खाल्लं गेलं तर तुमची नोकरी गेली समजा!"

मामाजी जवळच्याच फुलचूर गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. "हो जी," एवढंच म्हणाले. मी रजा टाकून आठ दिवस निष्काळजीपणाविरुद्ध सभा घेत हिंडलो.

परतलो तर टेबलावर पत्र: उद्या तपासणी. आणि गोदामात एकाही भागाला कार्ड नाही.

"मामाजी, कार्डं कुठं गेली?"

"वाचवली जी!" त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. कडुनिंबाच्या पाल्यात सगळी कार्डं, लहान-मोठी निवडून रचलेली. एकालाही भोक नाही.

"अहो, पण सामानावरून सोडली कशाला?"

"सुतळीवरूनच तं उधई चढून राहिली होती. तुमी बोलले, कार्ड खाल्लं तं नोकरी गेली. सामानाचं काई बोललेच नाही."

नव्हतोच बोललो.

पंपांवर, मीटरवर नंबर ठोकलेले होते. ते कार्डांशी जुळवत दिवस गेला. राहिल्या रबरी नळ्या. सगळ्या एकसारख्या, अंगावर एक अक्षर नाही. रबर पडून पडून खराब होतं, म्हणून तारीख सगळ्यात महत्त्वाची ती ह्यांचीच.

"हे मळकट दिसते, हिले जुनं कार्ड बांधू," मामाजी म्हणाले.

मी दोन बांधलीसुद्धा. मग स्वतःचीच लाज वाटली आणि सोडली.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी नळ्यांचा ढीग पाहिला. "कार्ड किसने निकाले?"

मामाजी पुढे सरकले. "मी जी. पोट हाय साहेब, नोकरी नोका घेऊ."

"साहब, हुकूम मेरा था," मी म्हणालो. "आधा ही दिया था."

साहेबांनी भिंतीवरचा कागद वाचला, मग मला न्याहाळलं. "भाषण कम करो. काम पूरा समझाओ." ताकीद माझ्या नावावर लागली. मामाजींना त्यांनी फक्त जुळवलेली कार्डं परत बांधायला सांगितलं. नळ्या मात्र लगेच कापायच्या, कुणी चुकूनही विमानाला लावू नयेत म्हणून.

करवत मी घेतली. मामाजींनी दुसरं टोक धरलं. दोन नळ्या कापून झाल्यावर त्यांनी तिसरी उलटसुलट करून पाहिली.

"नव्याच हायेत जी. कायले कापून राहिलो आपण?"

"कधीच्या ते कोणाला माहीत नाही, म्हणून."

"माही जलमतारीख तरी कोनाले मालूम हाय? चालूनच राहिलो ना मी?"

"तुमच्या भरवशावर कोणी आभाळात उडत नाही, मामाजी."

त्यांनी यावर जरा विचार केला. "हे बराबर हाय," म्हणाले आणि पुढची नळी घट्ट धरली.