तारेवरचं लाल फडकं

भोरला वकिलांच्या ऑफिसात बाकडं होतं, पण मला बसवेना. तीनदा उठून खिडकीशी गेले, तीनदा परत आले. वहिनी म्हणाली, "वन्सं, बसा की जरा." बसून काय करू? दादा कोठडीत होता आणि पोलिसांनी विचारलं तर काय बोलायचं, हे वकील मला शिकवत होते.

नवरा गेल्यापासून मी थोरल्या भावाकडेच राहते. आमच्या डोंगरालगतच्या वावरात भुईमूग भरला की रानडुकरं उतरतात आणि सगळं उकरून ठेवतात. वैतागून दादानं विजेच्या लाइनीवर आकडा टाकला आणि बांधाभोवतीच्या तारेत करंट सोडला. दिवस मावळताना आकडा टाकायचा, सकाळी दूध घालायला जाण्याआधी काढायचा. हे बेकायदा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणालं, तर मला हसू येईल.

आठवडाही झाला नसेल, आमचं कुत्रं त्या तारेला चिकटून मेलं. मी जीव तोडून ओरडले, "काढ ती तार!" दादा म्हणाला, "एखादं लाल फडकं दे. तारंला बांधतो. लाल दिसल्यावर कोन कशाला हात लावतंय?"

माझ्या जुन्या साडीचा पदर मीच फाडून दिला. आणि गप्प बसले. शेंगा मलाही हव्या होत्या, खोटं कशाला बोलू? मग ती रीतच पडली. तारेवर फडकं असलं की करंट आहे, हे सगळ्या आळीला कळायचं. सकाळी आकडा काढला की दादा फडकंही सोडायचा आणि खांद्यावर टाकून घरी यायचा.

त्या सकाळी दुधाचा टेम्पो लवकर आला. हॉर्न ऐकून दादा आकडा न काढताच कॅन घेऊन पळाला. शेजारच्या काकी म्हशीला गवत कापायला निघाल्या. फडकं खालच्या वाटेकडं होतं, त्या वरच्या अंगानं आल्या. मी पोचले तेव्हा विळा त्यांच्या मुठीतच होता.

वकील शांतपणे सांगत होते. त्या शांतपणाचाच मला राग येत होता. "नुसता हलगर्जीपणा ठरला तर शिक्षा कमी. यानं कुणी मरू शकेल हे माहीत असून केलं असं ठरलं, तर सदोष मनुष्यवध. आणि माणूस मरणारच इतकं धोक्याचं आहे हे कळूनही तार चालू ठेवली असं सरकारी पक्षानं पटवलं, तर खुनाचं कलमसुद्धा लागू शकतं. त्यांना काय माहीत होतं, यावर सगळं आहे. फडक्याचं जरूर सांगा, काळजी घेत होते असं दिसेल. कुत्र्याचं काढू नका."

येताना एसटीत मी दोनदा जागा बदलली. फडकं काळजीनं बांधलं, बरोबर. पण काळजी कशाची वाटली होती? माणूस मरेल याचीच ना? मग तार का नाही काढली? हा प्रश्न काही केल्या सुटेना, आणि तो एकट्या दादाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला अंगणात बसले. बांधापलीकडं काकींची सून म्हशीला पाणी दाखवत होती. आमच्याकडं ती बघतसुद्धा नव्हती.

"फडकं कशाला बांधलं होतं?" हवालदारांनी विचारलं.

वहिनीनं माझा हात धरला. तो मी सोडवून घेतला.

"आमचं कुत्रं मेलं त्या तारंवर, म्हनून," मी म्हणाले. "दादाला ठावं होतं. मलाबी ठावं होतं."

हवालदारांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात दादाचं होतं, माझं नव्हतं.

"तुमचं ऱ्हाऊ द्या, बाई. आकडा तुमी टाकला न्हाई."

"फडकं म्या दिलं," मी म्हणाले. "ते बी लिवा."